कुठवर आलंय

धरणवाले आकडा सांगतात.
इतके हजार क्युसेक, दुपारी दोनला, आणखी वाढणार.
भांडीबाजारात क्युसेक कुणाच्या पोटात शिरत नाही.
आम्ही विचारतो, मारुती कुठवर?

दुतोंड्याचा घोटा, तर हातातला चहा संपवायचा.
पोटरी, तर खालच्या फळीवरचे तांबे वर.
गुडघा म्हटलं की गांगुर्डे न सांगता
पातेली एकात एक घालायला घेतो.
कंबर म्हणजे वजनकाटा, वह्या, गणपतीची तसबीर.
छाती म्हणजे कुलूप लावून सुटायचं,
कारण मारुतीची छाती म्हणजे दुकानात आपला घोटा,
हे बाजारातल्या पोरासोरांनाही पाठ.
गळ्याच्या पुढे अंग संपतं.
तिथून विहिरीसारखं मोजतात, एक पुरुष, दीड पुरुष,
आणि मोजणारा पुरुष पुलावर उभा असतो.

कोरडं आणि बुडालेलं,
मध्ये इतकी जागा आहे.
ज्याने हे शब्द केले
तो पाण्यात उभा असणार.

माझ्यात आणि जनार्दनात असले शब्द नव्हते.
बोलत होतो, मग बोलत नव्हतो.
मधली एकही पायरी आठवत नाही.
घंगाळावरून झालं, असं लोकांना सांगतो,
ते पूर्ण खरं नाही, अगदी खोटंही नाही.
वडिलांच्या हातचं घंगाळ, ठोका न् ठोका दिसतो.
थंडीत आई त्यात पाणी काढायची.
त्याला कढत लागायचं, मला कोमट.
आधी तो बसायचा, लालेलाल होऊन उठायचा,
मग ती विसण घालायची आणि मला हाक मारायची.
एकाच पाण्यात दोघांचं भागायचं.

अकरा वर्षं तो सिडकोत, उंचावर.
मी इथे, गंगेच्या वाटेत.
भेटलोच तर कुणाच्या लग्नात, दोन पंगती सोडून.

त्या दिवशी चारला फोन वाजला.
नंबर सेव्ह नव्हता. पाठ होता.
"कुठवर आलंय?"
ना नाव, ना नमस्कार.
"छाती," मी म्हटलं.
"मग तू अजून तिथे काय करतोयस?"
"माळा भरायचा राहिलाय."
त्याने फोन ठेवला. मला वाटलं, झालं.

अर्ध्या तासात तो दारात,
पँट दुमडलेली, चपला हातात.
लाईट गेलेली. गांगुर्डे माळ्यावर,
त्याच्याखाली शिडीवर मी, पाण्यात तो.
धर. सोड. धर. सोड.
या दोन शब्दांत सहाशे नग वर गेले,
हंडे, पराती, कळश्या,
आणि प्रत्येक वेळी त्या दोन शब्दांच्या मध्ये
भांडं क्षणभर
दोघांच्याही हातात.

घंगाळाला कुणी हात लावला नाही.
पोटरीभर झाल्यावर ते आपलं आपण उचललं गेलं,
त्याच्या पायाला लागलं, मग शिडीला, ठण्ण,
मग काउंटरच्या कोपऱ्यात जाऊन फिरत राहिलं.
"येतो," तो म्हणाला.
"हं," मी म्हटलं.
अकरा वर्षांनी हं म्हणजे पुष्कळ.

पाणी चढताना एवढे शब्द.
उतरताना एकच. ओसरलं.
कुठून ओसरलं, किती, कुणाच्या अंगावरून,
ते कुणी मोजत नाही, सगळे झाडू शोधत असतात.
भिंतीवर एक तपकिरी रेघ,
तिच्या खालच्या भिंतीला नाव नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तो.
"किती राहिलं?"
मी खाली बघितलं. सांगता येईना.
"घोट्याच्याही खाली. पाणी म्हणवत नाही.
चिखल म्हणावं तर पातळ आहे."
"म्हणजे ओल."
"हं. ओल म्हण."

पलीकडे स्कूटर चालू झाली, लांब गेली.
त्याने ठेवला नव्हता फोन.
"घंगाळाला पोचा आलाय," मी म्हटलं.
"कितपत?"

मी खाली बसलो
आणि त्यात अंगठा लावून पाहिला.